उतरता आकडा

मंगलला सकाळी कुठलाच आजार नसायचा. आटपाडीच्या पुढं, माळावरच्या वस्तीवर ती उठल्या उठल्या मेंढरांचा वाडा झाडायची, डाळिंबाच्या बागेत खुरपायला बसायची. दुपार कलली की मात्र हातापायातलं सगळं कुणी काढून नेल्यासारखं व्हायचं. भाकरी चावता चावता जबडा थांबायचा, बोलणं नाकातून यायचं. आडवं झालं की दम पुरायचा नाही. मग ती भिंतीला टेकूनच डोळे मिटायची.

डॉक्टरकडं जायचं ते पहिल्या एसटीनं. सकाळी तिथं पोचायची तेव्हा ती ठीकच असायची. छातीचा फोटो चांगला, हृदयाची पट्टी चांगली. एकानं दम्याचा पंप दिला, दुसऱ्यानं टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं.

"सकाळी पळती आन् सांजच्याला कण्हती," सासू दगडाबाई शेजारणीला म्हणाली. मंगलनं ते ऐकलं. तिला राग आला नाही. आपण खरंच आळशी झालोय की काय, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं.

शेवटी सांगलीच्या एका डॉक्टरांनी श्वासाच्या स्नायूंची ताकद मोजायला सांगितली. नवरा बिरदेव बरोबर होता. तपासणाऱ्या साक्षीमॅडमनी नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली.

"सगळी हवा सोडा. आता जोरात आत ओढा. ओढा, ओढा!"

पडद्यावर आकडा आला. बिरदेव पुढं झुकला. "कसा हाय?"

"चांगला आहे."

मंगलचं तोंड उतरलं. इथंही काही निघणार नाही.

"पुन्हा एकदा करू," साक्षी म्हणाली. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी तिनं पडद्याकडं नीट पाहिलं. "मावशी, बाकीच्यांचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वाढतो. सवय होते ना. तुमचा उतरतोय."

"ती जोर लावत नसंल," बिरदेव म्हणाला. "न्हाईतर मशिनीचंच काय तरी."

"मग तुम्ही बसा."

साक्षीनं नळी बदलली. बिरदेव हसत बसला आणि छाती फुगवून ओढायला लागला. पहिल्यापेक्षा दुसरा आकडा थोडा जास्त, तिसरा तेवढाच, चौथाही तेवढाच. त्याचं हसू मावळलं. समोर मंगल मान सावरत बसली होती. तिच्या डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर आली होती.

"तुमची ताकद आहे, मावशी," साक्षी म्हणाली. "ती टिकत नाही. स्नायू लगेच थकतात. याचं कारण शोधावं लागेल. आता बास, विश्रांती घ्या."

मंगल रडायला लागली. बिरदेवला वाटलं, घाबरली.

"घाबरले न्हाई वं," ती थांबत थांबत म्हणाली. "खरं हाय म्हंत्यात त्या. माझं खरं हाय."

रक्ताच्या तपासणीत निदान झालं. शरीरच नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवत होतं. गोळ्या सुरू झाल्या. गोळी लागू पडली की मंगल तीन-चार तास पहिल्यासारखी बोलायची, मग पुन्हा जपायला लागायचं. आजार मुळापासून जाईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दुपारनंतरचं खुरपण बिरदेवनं अंगावर घेतलं.

एका संध्याकाळी दगडाबाई तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"दुखत न्हवतं व्हय तुला?"

"दुखत न्हवतं, आत्ती. पुरत न्हवतं."

दगडाबाईनं माळापलीकडं बोट केलं.

"मेंढरं घिऊन कोकणाकडं उतरायचो तवा," ती म्हणाली, "घाटात माझं बी पुरायचं न्हाई. मागं राह्यलं की सासरा शिव्या द्यायचा."

"मग?"

"मग काय? चालायचं. कोण मोजतंय?"

तो आजार होता, की नुसता घाट आणि डोक्यावरचं ओझं, हे आता कुणाला कळणार होतं? मंगलनं बाजेवर सरकून जागा केली. दगडाबाई बसली, आणि तिनं त्या वाटेवरच्या मुक्कामांची नावं एकेक करून सांगायला घेतली.