आबाच्या हातचा घास

उचगावात आकारामला सगळी गल्ली आबा म्हणायची, आणि आबा म्हटलं की पाठोपाठ मोनाचं नाव यायचंच. मोना त्याची नात. दहा वर्षांची. जन्मली तेव्हा रडली नाही, दोन आठवडे काचेच्या पेटीत होती. या पोरीचं सगळं उशिरानं होणार, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. मान धरायला वर्ष लागलं, चालायला चार. बोलणं तुटक, एका वेळी दोन-तीन शब्द. हातात तर जोरच नव्हता. बोटं फाकायची, थरथरायची, धरलेली वस्तू गळून पडायची.

मुलगा सम्राट कागलच्या एमआयडीसीत पाळीवर, सून स्वप्नाली तिथंच कपड्याच्या कारखान्यात. बायको बायडाबाई घर आणि दोन म्हशी बघायची. त्यामुळं मोनाला भरवायचं काम आकारामकडं आलं, आणि त्यानं ते जिवापलीकडं सांभाळलं. दूध संस्थेत तीस वर्षं दुधाची फॅट मोजण्यात घालवलेला माणूस. वेळ चुकवणं त्याला ठाऊकच नव्हतं. सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी आठ. कुणाच्या लग्नाला गेला तर अक्षता टाकून माघारी यायचा, पंगतीला बसायचा नाही. "माझ्या हातचाच घास लागतोय तिला," असं सांगताना त्याची छाती फुगायची.

दीड वर्षापासून स्वप्नाली दर गुरुवारी सुट्टीच्या दिवशी मोनाला शहरात, राजारामपुरीतल्या केंद्रात ऑक्युपेशनल थेरपीला नेत होती. तिथं काय करतात हे आकारामनं कधी नीट विचारलं नव्हतं. पोरीच्या हाताचा कसला तरी व्यायाम घेतात, एवढंच त्याला माहीत.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी कारखान्यात ऑर्डर अडली आणि स्वप्नालीची सुट्टी रद्द झाली. ती चप्पल घालता घालता म्हणाली, "मामा, आज तुमी जावा मोनाला घिऊन. तिला वर सोडा आणि खाली चहाच्या गाड्यावर बसा. वर कुणाला थांबू देत न्हाईत."

हे बोलताना तिनं सासऱ्याकडं बघितलं नाही. आकारामच्या ते ध्यानात आलं नाही.

त्यानं दूधभाताचा डबा भरून घेतला, मोनाला वडापाच्या जीपमध्ये बसवलं आणि बाराच्या ठोक्याला केंद्रात पोचला. जिन्यात थेरपी घेणाऱ्या नाजिया मॅडम भेटल्या. पस्तिशीतली बाई, डोक्याला ओढणी, पायात खेळाचे बूट. मोनानं आजोबाचा हात सोडला आणि त्यांचा धरला. आकाराम खाली येऊन गाड्यावर बसला. एक चहा झाला, दुसरा झाला. पाऊण वाजला तसा त्याचा जीव वर-खाली व्हायला लागला. एक वाजता पोरीला भूक लागणार. थेरपीवाले काय, व्यायाम घेत बसतील. तो डबा उचलून जिना चढला.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्यानं आत डोकावलं.

मोना ठेंगण्या टेबलापाशी बसली होती. पायाखाली लाकडी फळी, पावलं तिच्यावर सपाट टेकलेली. समोर उभ्या काठाची ताटली, ताटलीत पोहे. हातात चमचा होता आणि चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड केलेला होता. तिनं कोपर टेबलावर टेकवलं, चमचा ताटलीच्या काठाला घासून भरला आणि तोंडाकडं नेला. निम्मे पोहे सांडले. उरलेले तोंडात गेले. ती चावत राहिली. मग पुन्हा चमचा. नाजिया मॅडम चार हात लांब बसल्या होत्या, कागदावर काहीतरी लिहीत. पोरीला कुणी हात लावत नव्हतं.

"तिखट हाय," मोना म्हणाली. दोन्ही हातांनी पेला धरून पाणी प्यायली आणि बाहीनं नव्हे, टेबलावरच्या फडक्यानं तोंड पुसलं.

आकारामनं चौकट धरली. दहा वर्षं या तोंडात त्यानं घास घातला होता. हे हात त्याच्या ओळखीचे होते, आणि हे ते हात नव्हते.

चौकटीवर डबा वाजला. मोनानं वर बघितलं. आबा दिसला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. बोटं फाकली. चमचा खाली पडला. दोन्ही हात मेल्यागत मांडीवर लोंबले. मान कलती करून तिनं तोंड उघडलं.

"आबा, भरव."

नाजिया मॅडम उठून उभ्या राहिल्या. "मोना? हे काय?" त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग आकारामकडं. "आबा, घरी ही स्वतःच जेवते ना?"

"घरी? मी भरवतो की. रोज, तीन येळा."

"अहो, गेले चार महिने ही इथं आपल्या हातानं खातेय. स्वप्नालीताई म्हणाल्या, घरी पण खाते."

"चार म्हैने?"

मोना तोंड उघडं ठेवून बसली होती. आकाराम तिच्या त्या उघड्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला आधी काहीच वाटलं नाही, आणि मग एकदम कानशिलं तापली. म्हणजे ही चार महिने नाटक करत होती. आणि आपण रोज "घे माझी राणी" म्हणत चिमणी-कावळ्याचे घास करत बसलो होतो.

"मला येड्यात काढलं सगळ्यांनी," तो म्हणाला. मॅडम "थांबा, बोलूया" म्हणत असतानाच त्यानं मोनाला उचललं आणि जिना उतरला. डबा तिथंच राहिला.

वडापात तो बाहेर बघत बसला. मोना त्याच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून बसली होती. त्या धरण्यात किती जोर आहे, हेही त्याला आजच कळत होतं.

बायडाबाई सोप्यात मेथी निवडत होती. आकारामनं उभ्या उभ्याच विचारलं, "ही हातानं खाती, तुला म्हाईत होतं?"

तिनं जुडी खाली ठेवली. "व्हय."

हा दुसरा तडाखा. तो मटकन पायरीवर बसला.

"तुमी सकाळी डेअरीला दूध घालाय गेलासा की ती बशीतली कुस्करलेली चपाती चमच्यानं खाती," बायडाबाई हळू आवाजात सांगायला लागली. "स्वेटराची बटणं लावती. वाळत घातलेल्या कपड्यांचं चिमटं काढून बुट्टीत टाकती. मॅडमनी शिकवलंय. तुमची गाडी वाजली की हातातलं टाकून भिताडाला टेकून बसती."

"आणि मला सांगाय काय झालं तुमाला? तिघांनाबी?"

"तिनंच सांगू दिलं न्हाय. आबाला सांगतो म्हटलं की कापाय लागती, रडून रडून निळी पडती. स्वप्नालीनं लई इचारलं. कारण कळंना. आमाला वाटलं, तुमास्नी वाईट वाटंल म्हणून पोरगी झाकती. मग आमीबी झाकलं."

"वाईट वाटंल? मला?" त्याचा आवाज गल्लीत जाईल एवढा चढला. मोना दचकली आणि खांबामागं गेली. ते बघून तो गप्प झाला.

त्या दुपारी कुणीच जेवलं नाही. चारच्या सुमाराला आकाराम खांबापाशी जाऊन जमिनीवर बसला. राग उतरला होता. डोकं बधिर झालं होतं.

"मोना. आबा रागावला न्हाय. एवढंच सांग, आबाला का दावलं न्हाईस?"

बराच वेळ ती बोटं चोळत राहिली. मग म्हणाली, "आबा मरंल."

"काय?"

"मोना जेवली, आबा मरंल." ती अडखळत, श्वास घेत बोलत होती. "आबा म्हणाला. केरबाला."

बायडाबाईच्या हातातलं सूप खाली आलं.

आकारामला आठवायला वेळ लागला. मग आठवलं. दिवाळी होती. कट्ट्यावर शेजारचा केरबा बसला होता. मोना आकारामच्या मांडीवर. केरबा म्हणाला होता, "आबा, पोरगी बरीच सुदारली की. उद्या आपल्या हातानं जेवंल, मग तुमी सुटला." आणि आकाराम खदाखदा हसून म्हणाला होता, "ती जेवाय लागली की माझं काम संपलं. मग मराय मोकळा." सगळे हसले होते. मोनाही हसली होती, असं त्याला वाटलं होतं.

बोलण्याच्या ओघात गेलेलं वाक्य. पोरीनं ते उचललं होतं आणि चार महिने सांभाळलं होतं. आपण जेवलो तर आबा मरणार. म्हणून रोज तीन वेळा, भूक असताना, हातात जोर आलेला असताना, ती हात लुळे सोडून त्याला जिवंत ठेवत होती.

"आणि मॅडमकडं जेवत होतीस ते?" त्यानं कसंबसं विचारलं.

"आबा बगत न्हाय. मग चालतंय."

आकाराम तोंडाला टॉवेल लावून परसात गेला. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. हिला समजतं. हिला सगळं समजतं. दहा वर्षं घरात, दारात, दवाखान्यात, पावण्यारावळ्यांत तिच्यासमोर माणसं बोलत आली होती. असलं पोर कशाला देतोय देव. आई-बाप गेल्यावर हिचं कसं. एकदा तो स्वतःच सम्राटला म्हणाला होता, "आपल्या आधी हिला नेली तर बरं." तेव्हाही मोना तिथंच होती, अंथरुणावर. त्याला भडभडून आलं. आठवेल तेवढं आठवत तो दिवेलागणीपर्यंत तिथंच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी थेरपीचा वार नसताना तो मोनाला घेऊन राजारामपुरीला गेला. नाजिया मॅडमनी सगळं ऐकलं आणि त्या फरशीवरच बसल्या.

"मी दीड वर्ष हिचे हातच बघत बसले," त्या म्हणाल्या. "पकड किती आली, कोपर किती वळतं. घरी काय चाललंय हे एकदा येऊन बघायला पाहिजे होतं मी."

"आता काय करायचं सांगा. मी रातभर सांगतोय, आबा मरत न्हाय म्हणून. ऐकंना झालीया."

"सांगून नाही पटायचं तिला. दिसायला पाहिजे. तिच्यासमोर बसा, तिला जेवू द्या. हात मांडीखाली घालून बसा. सांडलं तरी उचलायचं नाही, पुसायचं नाही."

"आणि न्हाईच खाल्लं तर?"

"तर थांबायचं. आबा, तिच्यासाठी करणं तुम्हाला येतं. थांबणं शिकायला लागेल."

पहिल्या दिवशी मोनानं आजोबासमोर काहीच खाल्लं नाही. दुपारभर ताट तसंच राहिलं आणि आकाराम ताटापुढं. दुसऱ्या दिवशी तिनं एक चमचा भरला, तोंडापाशी नेला आणि आजोबाकडं बघून किंचाळली. तो हलला नाही. मांडीखालचे हात मात्र बधिर होईपर्यंत दाबले.

तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी आठला, घरात सगळे होते. मोनानं चमचा तोंडात घातला. गिळायच्या आधी तिनं डोळे गच्च मिटले. मग उघडले.

"आबा?"

"हाय की," आकाराम म्हणाला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. छातीकडं, पोटाकडं. मग दुसरा चमचा.

"आबा?"

"हाय."

प्रत्येक घासाला तिनं विचारलं आणि प्रत्येक घासाला त्यानं उत्तर दिलं. आमटीभात थंड झाला, निम्मा फ्रॉकवर सांडला. दारात उभा राहून सम्राट तोंड फिरवून रडत होता आणि स्वप्नाली त्याला बाहेर ढकलत होती. पाऊण तास लागला. ताटली रिकामी झाल्यावर मोनानं जवळ येऊन आजोबाच्या गालाला हात लावला. मग नाकापुढं बोटं धरली, श्वास येतो का बघायला.

आकारामनं तिच्या बोटांवर मोठा श्वास सोडला.

पुढं पंधरा-वीस दिवस हे असंच चाललं. मग विचारणं घासाघासाला न राहता ताटागणिक आलं, आणि एक दिवस ती नुसतंच जेवून उठली. आकारामच बसून राहिला, कुणी विचारतंय का याची वाट बघत. केरबाला त्यानं गल्लीत गाठून सांगितलं, पोरीसमोर बोलताना मोठ्या माणसासमोर बोलतोय असं समजायचं. केरबा खजील झाला. त्याला तर तो दिवस आठवतही नव्हता. नाजिया मॅडम महिन्यातून एकदा घरी यायला लागल्या. त्यांनी न्हाणीत मोनाच्या उंचीला एक आडवी दांडी लावून घेतली, नळाला लांब मूठ बसवली, दाराची वरची कडी काढून खाली बसवली.

एप्रिलमध्ये एका सकाळी बायडाबाई तापलेलं पाणी घेऊन न्हाणीकडं गेली आणि तिथनंच ओरडली, "अवं, हिनं आतनं कडी घातली की!"

आकाराम धावला. "मोना! दार उघड."

"न्हाय," आतून आवाज आला. "आज्जी नको. मी आंगुळ करतो."

"अगं पडशील! साबण डोळ्यात जाईल!" बायडाबाई दारावर थापा मारायला लागली. "हिला मी दहा वर्षं न्हाऊ घातली, आणि आज मला भाईर ठेवती?"

तिचा चेहरा बघून आकारामला तो चौकटीतला गुरुवार आठवला नाही असं नाही. त्यानं तिचा हात धरून दारापासून बाजूला घेतलं आणि दगडी पायरीवर बसवलं. तीही बसली, डोळे विस्फारून, पाण्याची बादली पायाशी तशीच.

आत तांब्या आपटला. पाणी सांडलं. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. बायडाबाई उठायला लागली.

"बस," आकाराम म्हणाला. "बोलवंल ती, लागलं तर."

पुन्हा पाण्याचा आवाज आला.