पापणी, पुडी आणि भूल

टायरच्या दुकानावरचा हॉल गच्च भरला होता. जिन्यावर चपलांचा खच, खिडक्यांतून माणसं लोंबलेली. पुढच्या खुर्चीत एक बाई हाताने हनुवटी सावरत बसली होती, पापण्या बिघडलेल्या शटरसारख्या अर्ध्यावर अडकलेल्या. फुंकरबाबांनी तिच्या जिभेवर पांढरी पूड टाकली, कपाळावर फुंकर मारली आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावले. अर्ध्या तासाने लोकांनी डोळे उघडले, तर बाईचेही उघडलेले. टक्क.

"बाधा गेली," बाबा म्हणाले. "आता पोटात कळ येईल, लाळ सुटेल. घाबरायचं नाही. पाप बाहेर पडतंय."

बाई तोंडाला रुमाल लावून संडासाकडे पळाली. लोकांनी मोठ्या भक्तिभावाने वाट करून दिली.

मागच्या रांगेत भुलीचा डॉक्टर बसला होता, दिवसभर ऑपरेशन थिएटरात उभं राहून आंबलेला. ती बाई त्याची सख्खी ताई. आणि हे असलं पाप तो रोज बघत होता, ऑपरेशन संपल्यावर.

रात्री जेवताना ताईचा घास अडकला, पाणी नाकातून आलं. दाजी पाठ चोळत म्हणाले, "बाबा म्हणालेत, उद्यापासून दोन पुड्या."

"ताई, दवाखान्यात चल. आज घास अडकला, उद्या श्वास अडकेल."

"तुम्ही डॉक्टरांनी वर्षभर काय दिवे लावले?" ताईचा आवाज बोलता बोलता नाकात गेला. "एकाने चष्मा बदलला, दुसरा म्हणाला टेन्शन घेऊ नका. बाबांनी बघताक्षणी ओळखलं."

बाबांनी ओळखलं होतं हे खरंच. बाबा होण्याआधी बाबा एका मेंदूच्या डॉक्टरकडे कंपाउंडर होते. हे सगळ्या बाजाराला माहीत होतं आणि कुणालाच खटकत नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरने खालच्या सरबतवाल्याकडून बर्फ घेतला, रुमालात गुंडाळला आणि वर हॉलमध्ये बाबा ताईची पुडी उघडायच्या आत तो तिच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला.

"बाबा, थोडी सिद्धी मलाही आहे. दाखवू?"

बाबा नाही म्हणेपर्यंत त्याने बर्फ ताईच्या उजव्या डोळ्यावर टेकवला. ताई कुरकुरली, "लहानपणापासून हा असाच." थोड्या वेळाने रुमाल काढला. उजवी पापणी वर, डावी होती तिथेच.

"बाधा गारठ्याला घाबरली," बाबा घाईघाईने म्हणाले.

एका आजोबांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. "डॉक्टरसाहेब, इथेही लावा. हाताला गुण दिसतोय तुमच्या."

डॉक्टरने कपाळावरून हात फिरवला. एक बाबा उतरवायला आलो, तर हे दुसरा बसवायला निघाले.

"आजोबा, गुण बर्फाचा आहे. ऐका. नस आणि स्नायू यांच्यात एक फट असते. नस पलीकडे किल्ल्या फेकते. किल्ली कुलपात बसली की स्नायू हलतो. मग एक झाडूवाला त्या किल्ल्या झाडून टाकतो. ऑपरेशनच्या वेळी मी कुलपांत खोट्या किल्ल्या कोंबतो. पेशंट ढिम्म हलत नाही, श्वासही मशीन देतं. काम झालं की झाडूवाल्याचे हात बांधतो. खऱ्या किल्ल्यांचा ढीग साचतो, खोट्या मागे हटतात, माणूस हलायला लागतो. पण तसलाच झाडूवाला आतड्यातही असतो, लाळेच्या गाठींतही. म्हणून कळ, म्हणून लाळ. ती आवरायला आम्ही दुसरं औषध देतो. बाबा तिला पाप म्हणतात."

"आणि हिचं काय?" दाजींनी विचारलं.

"हिचं शरीरच हिची कुलपं मोडतंय. मायस्थेनिया म्हणतात. सकाळी भागतं, संध्याकाळी किल्ल्या कमी पडतात. गारठ्याने झाडूवाल्याचे हात आखडले, पापणी उघडली. पुडीही तेच करते. कुटलेली गोळी असणार ती. आणि जास्त झाली तर तीच श्वास बंद पाडते."

"खोटं आहे," बाबा म्हणाले. "पुडी फक्त पाप काढते."

"मग तुम्हीच घ्या. तुमच्यात पाप नाही, काही होणारच नाही."

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. बाबांनी संडासाच्या दाराकडे एकदा बघून घेतलं.

"आज माझा उपास आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"भूल मीही देतो," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाला. "पण सांगून, मोजून, आणि उतरेपर्यंत उशाशी बसतो. यांनी दिलेली कोण उतरवणार? यांना मानू नका, मलाही मानू नका. पुडी तोंडात टाकायच्या आधी एवढंच विचारा, ह्यात काय आहे. उत्तर नाही मिळालं तर तोंड मिटा."

ताई एका उघड्या डोळ्याने त्याच्याकडे रोखून बघत होती. "तू देशील त्या गोळीत काय आहे?"

"बहुतेक हेच. पण तपासून, मोजून. शिवाय कुलपं वाचवायची औषधं वेगळी."

"नाव सांग गोळीचं."

त्याने सांगितलं. तिने त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं, मग उठली. "चल. आणि त्या चष्मेवाल्याला पण सांग."

खाली उतरले तर सरबतवाल्यापुढे रांग. कुणाची पाठ, कुणाची मान. सरबतवाला प्रत्येक खडा देताना त्यावर हळूच फुंकर मारत होता. डॉक्टरने डोळे मिटून घेतले.

पुढे ते गुडघेवाले आजोबा होते. त्यांनी खडा हातात घेतला, उजेडाकडे धरला.

"ह्यात काय आहे रे?"

"पाणी," सरबतवाला खट्टू होऊन म्हणाला.