डोंगर बांधायची दोरी

धगधगता डोंगर दोरीनं बांधता येतो, हे आमच्या गल्लीत गुरुवारी सकाळी शेकडो लोकांसमोर सिद्ध झालं. शनिवारी दुपारपर्यंत ते सिद्ध राहिलं. दोरी नायलॉनची होती.

डोंगरातून निघालेला लाव्हा तीन आठवडे उतार उतरत होता आणि आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला होता. तोंडाशी पहिलंच घर माझ्या थोरल्या बहिणीचं. ते रिकामं कर म्हणून तिची मुलगी हात धुऊन तिच्या मागे लागली होती. ही माझी भाची ज्वालामुखीच्या वेधशाळेत काम करते. वाहता लाव्हा गोळा करून तपासणं हा तिचा धंदा. गल्ली तिला 'दगडवाली' म्हणते, तेही तोंडावर.

गुरुवारी ताई ज्यांना मानते ते चमत्कारवाले बाबा आले. लोक गच्च्यांवर, कुंपणांवर, एकमेकांच्या पायांवर उभे. बाबांनी विजेच्या दोन खांबांमध्ये दोरी ताणली. ती ताईनंच दिली होती, अंगणातली, कपडे वाळत घालायची. घाईत दोन चिमटे तसेच राहिले होते.

"काल हा डोंगर माझ्याशी बोलला," बाबा म्हणाले. "म्हणाला, महाराज, थकलो. मी म्हटलं, मग बस इथंच!" आणि त्यांनी समोरच्या लालीवर बादलीभर पाणी फेकलं. वाफ उठली, लाली काळी पडली, डोंगर बसला. ताईला रडू कोसळलं.

"पाणी नसतं टाकलं तरी मिनिटाभरात काळं पडलं असतं," मी म्हणालो.

"मामा, तुम्ही शिकलात," शेजारचा सायकलवाला हळहळला. "त्याला आता इलाज नाही."

डोंगर बाबांशी नेमका कुठून बोलला, ते मला त्याच दुपारी समजलं. वेधशाळेच्या फाटकावर एक फळा आहे. त्यावर भाची रोज लाव्हाचा वेग लिहिते. सोमवारी ताशी चार मीटर, मंगळवारी दोन, बुधवारी जवळजवळ शून्य. बाबांचा ड्रायव्हर रोज सकाळी येऊन फळ्याचा फोटो काढायचा, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. शून्य आलं आणि बाबा दोरी मागायला निघाले. फळ्यावर खाली आणखी एक ओळ असते : 'वेग कमी झाला म्हणजे धोका टळला असे नाही.' ती फोटोत येत नसावी.

हे मी सायकलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघा, म्हणजे सरकारी फळासुद्धा बाबांनाच दुजोरा देतो."

भाचीनं वाद घातला नाही. लाव्हा ज्या दगडी भिंतीला टेकून थांबला होता, तिच्यावर तिनं खडूनं एक रेघ मारली. गुरुवारी त्याचा काळा माथा रेघेला, म्हणजे माझ्या गुडघ्याला. शुक्रवारी कमरेला. शनिवारी सकाळी छातीला.

"आई, तो थांबलेला नाही, फुगतोय," ती म्हणाली. "वरून साय धरलीय, आतून उकळतंय. साय दिसली म्हणून उकळत्या दुधात तू कधी बोट घातलंस का?"

"दूध मला शिकवू नकोस," ताई म्हणाली. "बाबा एवढे ज्ञानी, आणि तू माझ्या पोटची. कुणाचं ऐकू?"

मग भाचीनं चंदेरी कोट चढवला, तोंडावर जाळी ओढली, पुरुषभर उंचीची लोखंडी सळई घेतली आणि पाण्याची बादली जवळ ठेवली. काळ्या सालीला सळई खुपसली, पीळ दिला, ओढली. टोकाला पाकासारखा लालभडक गोळा लोंबत आला. तो तिनं बादलीत बुडवला. चर्र झालं आणि काळी काच हातात आली.

"झटकन गार केला की आत होता तसाच पकडला जातो," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "सावकाश निवला तर त्यात खडे धरतात, मूळचा राहत नाही. किती तापलेला होता, मागून नवा येतोय का, ते प्रयोगशाळेत कळेल. आत लाल आहे, हे तर तुम्हीच पाहिलंत."

मला वाटलं, जिंकलो. ते वाटणं फार तर दोन सेकंद टिकलं.

"म्हणजे बांधलेला होता!" सायकलवाला ओरडला. "आणि हिनं भोक पाडलं!"

बाबांनी डोळे मिटले. "घरचंच माणूस गाठ सोडायला निघालं, तर मी तरी काय करणार?" म्हणाले आणि गाडीकडे वळले. गाडी गुरुवारपासून तोंड बाहेर करून उभी होती.

भोक पाच मिनिटांत आपोआप काळं पडून बुजलं. दोन तासांनी साल फाटली ती तिथून चाळीस पावलांवर, दुसऱ्याच बाजूला, ताईच्या परसात. लाव्हा कासवाच्या चालीनं येत होता. घर हलवायला वेळ होता, पण ताई उंबऱ्यावरून हलेना. खिडक्यांच्या काचा तडकल्या, तेव्हा मी आणि भाचीनं तिला दोन्ही दंडांना धरून बाहेर काढलं. दोरी जळलीसुद्धा नाही, नुसती वितळून लोंबली.

रस्त्यावर ताई लेकीला म्हणाली, "तू टोचलं नसतंस तर..."

भाची बादली भरायला गेली.

ताई आता माझ्याकडे राहते आणि रोज एकदा तरी हेच म्हणते. मी रोज चाळीस पावलांचा हिशेब सांगतो. चालून मोजता येत नाही, कारण ती पावलं आता दगडाखाली आहेत.

चमत्काराला नमस्कार करायचाच असेल, तर माझं म्हणणं एवढंच : आधी शेजारच्या भिंतीवर खडूनं एक रेघ मारा, दुसऱ्या दिवशी येऊन बघा, आणि हात मग जोडा. फळ्यावरची खालची ओळही वाचत जा.

भाचीच्या वहीत सोमवारची नोंद आहे : नमुना एकतीस. जागा : आईचं स्वयंपाकघर, ओट्याच्या वर अंदाजे दीड मीटर. तापमान : अकराशे चाळीस अंश.