पाठपुरावा पूर्ण

डॉक्टर पद्मजा कोरगावकरला उल्हास टिपणीस पहिल्या भेटीपासूनच आवडला नव्हता, आणि त्यात कॉम्प्युटरचा काही दोष नव्हता. अमेरिकेत, पार्सिपनीतल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात मराठी मंडळाचा गणपती होता. कागदी प्लेटमधला मसालेभात चमच्यानं उकरत उल्हासनं तिला लहान मुलांच्या लसीकरणाबद्दल वीस मिनिटं माहिती दिली. ती मुलांची डॉक्टर आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी दिली. शेवटी म्हणाला, "वहिनी, तुमच्या फील्डमध्ये प्रॉब्लेम एकच. डेटा नाही. सगळं तुम्हा लोकांच्या डोक्यात." आणि तिचा नवरा श्रीरंग आपल्या कॉलेजातल्या या हुशार मित्राकडे कौतुकानं बघत हसला.

त्या 'वहिनी'चाही तिला राग होता. मिरजेला एकदा आणि इथं येऊन पुन्हा एकदा, अशी दोनदा ती डॉक्टर झाली होती. उल्हासच्या लेखी ती श्रीरंगाची बायको.

ती नोकरी करायची ते शहर घरापासून पाऊण तासावर. कारखाने बंद पडलेलं, घरमालक दुसऱ्याच गावी राहणाऱ्या लाकडी तिमजली घरांचं. तिथल्या घरांच्या खिडक्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा शिशाचा रंग होता. त्याचे पोपडे निघायचे, आणि ते चवीला गोडसर, म्हणून रांगती पोरं ते तोंडात घालायची. शिसं रक्तात चढलं की पोर आधी किरकिरं होतं, मग मठ्ठ होतं, आणि फार चढलं तर झटके येतात. शहराच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात पद्मजा या मुलांचं रक्त तपासायला घ्यायची. आकडा जास्त आला की लोरेटा हिक्स नावाची नर्स घरी जायची. लोरेटा पन्नाशीची, जाडजूड, गुडघ्यांनी बेजार, पण त्या शहरात तिला माहीत नसलेला जिना नव्हता. बिऱ्हाड हललं असलं तर ती शेजारणीला विचारायची, शेजारीण नसली तर कोपऱ्यावरच्या न्हाव्याला, आणि पोराला शोधून काढून, आईसकट आपल्या गाडीत घालून दवाखान्यात आणायची.

पंच्याऐंशी साली केंद्राची ग्रँट आली आणि तिच्यामागून कॉम्प्युटर आला. कंत्राट मिळालं ते उल्हासच्या कंपनीला. खात्याचे डायरेक्टर हॅस्केल यांनी केक कापला. हा माणूस वर्षभरात दवाखान्याच्या मजल्यावर दोनदा यायचा, त्यातली एक खेप नाताळची. "आता एकही मूल नजरेआड होणार नाही," असं ते म्हणाले. घरोघर जाणाऱ्या नर्सा दोन होत्या. एकीची जागा रद्द झाली आणि लोरेटाला पडद्यासमोर बसवलं. दोन बोटांनी टाइप करत ती दिवसभर नावं भरायची. लॅबचा रिपोर्ट आता डॉक्टरकडे न येता सरळ कॉम्प्युटरमध्ये जायचा, आकडा जास्त असला की कॉम्प्युटरच घरी पत्र छापून पाठवायचा, आणि महिन्याच्या शेवटी एक गुळगुळीत कागद यायचा: पाठपुरावा पूर्ण, शहाण्णव टक्के. खाली पद्मजाची सही.

पहिल्या महिन्यात तिनं तो कागद उलटसुलट करून पाहिला. दुसऱ्या महिन्यातही पाहिला. नंतर सही करायला लागली. घरी लवकर पोचता येत होतं, मुलीचा पियानोचा क्लास गाठता येत होता. हे पुढं तिला स्वतःबद्दल आठवायचं तेव्हा तोंड कडू व्हायचं.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये हॉस्पिटलच्या इमर्जन्सीतून फोन आला. टामिका नावाची चार वर्षांची मुलगी, झटके येत होते, रक्तात शिसं चौऱ्याण्णव. "आई म्हणते, तुमच्याकडे तपासलं होतं," फोनवरचा डॉक्टर म्हणाला. पद्मजाला मुलगी आठवली. ऑक्टोबरात आली होती, सुईला न रडता तिच्या स्टेथोस्कोपची नळी चघळत बसली होती.

"लोरेटा, टामिकाचं काय आहे बघ."

लोरेटानं नाव टाइप केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. ऑक्टोबरचा आकडा अठ्ठावन्न, म्हणजे त्याच आठवड्यात हॉस्पिटलात घालायला हवं होतं इतका. त्यापुढं: पत्र पाठवलं, वीस ऑक्टोबर. त्यापुढं: पाठपुरावा पूर्ण.

"पूर्ण म्हणजे काय?" पद्मजानं विचारलं.

"पूर्ण म्हणजे पूर्ण," लोरेटा म्हणाली. "पत्र छापलं की ते आपोआप येतं. मी वर्षभर सांगतेय, डॉक्टर. कुणाला ऐकायचंय?"

तिनं सांगितलं होतं हे खरंच होतं. पद्मजानं तेव्हा हॅस्केलकडे एक चिठ्ठी पाठवली होती आणि आपलं काम झालं असं धरलं होतं.

दोघी तळघरातल्या टपालखोलीत गेल्या. तिथला कारकून सँडविच खात होता. परत आलेली पत्रं? त्यानं पायानंच टेबलाखालची तीन खोकी पुढं सरकवली. "कुणाला द्यायची ते कुणी सांगितलंच नाही." एकूण दोनशे अकरा पाकिटं. बिऱ्हाड हललं, पत्ता सापडत नाही, असे शिक्के मारलेली, एकही न फोडलेली. टामिकाचं दुसऱ्या खोक्यात होतं. तिची आई वांडा सप्टेंबरअखेर दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली होती. दवाखान्यात तिनं नवा पत्ता सांगितलाही होता. पण पत्ता बदलायचा तर वेगळा फॉर्म लागायचा, आणि तो भरायचं काम जागा रद्द झालेल्या नर्सचं होतं.

पद्मजानं ऑफिसातूनच उल्हासला फोन लावला.

"अरे वा, वहिनी! श्रीरंग बरा आहे ना?"

"टिपणीस, पत्र परत आलं तरी तुमचा कॉम्प्युटर पाठपुरावा पूर्ण म्हणतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"कंत्राटाच्या स्पेकमध्ये तसंच आहे. लेटर सेंट, फॉलोअप कम्प्लीट. हॅस्केलनं साइन केलंय."

"पाकीट परत आलं तर?"

"रिटर्न मेल आउट ऑफ स्कोप होतं. फेज टूमध्ये घेऊ. मी त्यांना सजेस्ट केलं होतं, पण त्यांना आकडा लवकर हवा होता. ग्रँट रिन्यू व्हायची होती ना."

"एक मुलगी हॉस्पिटलात झटके खातेय."

तो आवाज मऊ करून म्हणाला, "व्हेरी सॅड. पण वहिनी, एका केसवरून सिस्टिम जज करता येत नाही. यू हॅव टु लुक ॲट द होल पिक्चर."

तिनं फोन ठेवला. मूर्ख माणूस असता तर तिनं सोडून दिलं असतं. हा मूर्ख नव्हता. भोक कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं. त्यानं त्याला फक्त एक नाव देऊन ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी ती वांडाला भेटायला गेली. टामिकाला खाटेला बांधून ठेवलं होतं, मांडीत शिसं उतरवायची इंजेक्शनं चालू होती, तीही फार दुखणारी. हॅस्केलच्या ऑफिसातून निरोप आला होता की वकिलांशी बोलल्याशिवाय कुणी घरच्यांशी बोलू नये. पद्मजानं खुर्ची ओढली आणि सांगितलं, "रिपोर्ट आमच्याकडे ऑक्टोबरातच आला होता. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. मी स्वतः विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

वांडा कपड्यांच्या लाँड्रीत काम करायची, हात कोपरापर्यंत लाल. तिनं बराच वेळ मुलीच्या पायावरून हात फिरवला.

"फोन नंबर होता तुमच्याकडे?"

"होता."

"मग?"

कॉम्प्युटर फोन करत नव्हता, हे काही उत्तर नव्हे.

"जा तुम्ही," वांडा म्हणाली. आवाज चढवला नाही. पद्मजा उठली आणि गेली.

पुढचे सात आठवडे, दर शनिवारी आणि बुधवारी दुपारी, लोरेटा आणि पद्मजा खोकी घेऊन हिंडल्या. लोरेटा गाडी चालवायची, पद्मजा जिने चढायची. दारं तोंडावर बंद झाली. एका घरात कुत्रा अंगावर आला. एका म्हातारीनं डॉक्टर दारात आली म्हणून तीनही नातवंडं रांगेत उभी केली. दोनशे अकरांपैकी, टामिका धरून, एकशे चौतीस मुलं सापडली. तिच्याशिवाय आणखी सतरा जणांना हॉस्पिटलात घालावं लागलं. बाकीची सत्त्याहत्तर कुठं गेली ते न्हाव्यालाही माहीत नव्हतं.

श्रीरंग घरी म्हणाला, "तुझं बरोबर आहे. पण उल्हासला जरा सांभाळून घे यार. वीस वर्षांची ओळख आहे."

"टामिकाची आणि माझी ओळख दहा मिनिटांची," ती म्हणाली. त्या आठवड्यात दोघं एकमेकांशी फारसं बोलली नाहीत.

जूनमध्ये वॉशिंग्टनहून तीन पाहुणे आले. असा प्रकल्प आणखी चाळीस शहरांत सुरू करायचा विचार होता, म्हणून हा नमुना बघायला. उल्हास निळा टाय लावून आला. पारदर्शक कागदांवर काढलेल्या टक्केवारीच्या गोल चकत्या त्यानं एकामागून एक पडद्यावर दाखवल्या. शहाण्णव टक्क्यांची चकती एवढी हिरवीगार होती की खाऊन टाकावीशी वाटेल. बोलताना तो 'मूल' हा शब्द वापरत नव्हता, 'रेकॉर्ड' म्हणत होता. मग हॅस्केल म्हणाले, "आमच्या डॉक्टर कोरगावकर रोज ही सिस्टिम वापरतात. त्या दोन शब्द बोलतील."

पद्मजा उभी राहिली. तिनं कागद काढला नाही. पत्रं छापली की काम संपलं असं हा कॉम्प्युटर धरतो, हे तिनं सांगितलं. दोनशे अकरा पाकिटं तळघरात होती, सतरा मुलं हॉस्पिटलात गेली, आणि अठरावी, जिच्यामुळं हे कळलं, ती पूर्वी गाणी म्हणायची आणि आता तिला पाण्याला काय म्हणतात ते आठवत नाही, हेही सांगितलं. "त्या कागदावर दर महिन्याला माझी सही आहे," ती म्हणाली. "ती मी मागं घेते."

हॅस्केल आपलं घड्याळ बघत होते. उल्हास पुढच्या चकतीचा कागद हातात धरून उभा होता, चेहऱ्यावर दुखावल्याचा भाव. आपल्याच माणसानं परक्यांसमोर असं करावं याचं दुःख.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी पेन उचललं. "दोनशे अकरा म्हणजे एकूण पत्रांच्या किती टक्के?"

"अकरा," पद्मजा म्हणाली.

"म्हणजे एकोणनव्वद टक्के पोचली." बाईंनी लिहून घेतलं. "हे चांगलंच आहे की."

तिनं त्या बाईंकडे पाहिलं. नीट विंचरलेले केस, गळ्यात मोत्यांची सर, समोरच्या बशीतलं अर्धं बिस्किट. यांना राग येत नाही, कारण राग यायला आधी काहीतरी डोळ्यांसमोर दिसावं लागतं. यांना चकतीच दिसते. पद्मजाला वाटलं, आता ओरडून काही उपयोग नाही. ओरडणंही हे लोक 'फीडबॅक' म्हणून लिहून घेतील. ती बसली. थोड्या वेळानं बाईंनी खरंच सांगितलं, "थँक यू, डॉक्टर. व्हॅल्युएबल फीडबॅक."

ऑगस्टात सिस्टिम सुधारली. उल्हासची माणसं दोन दिवस येऊन बसली आणि पडद्यावरचे शब्द बदलून गेली. 'पाठपुरावा पूर्ण'च्या जागी 'संपर्काचा प्रयत्न झाला' आलं. परत आलेलं पाकीट हाही प्रयत्नच, आणि ज्यांचा पत्ताच नाही त्यांच्याही बाबतीत प्रयत्न झाला असं धरायचं ठरलं. त्या महिन्याचा कागद आला, त्यावर शंभर टक्के होते. पद्मजानं सही केली नाही. हॅस्केलनी तिला बोलावलंही नाही. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरची सही घेतली, आणि कागद वेळेत वॉशिंग्टनला गेला.

वांडानं शहरावर दावा लावला. तिच्या वकिलानं साक्षीला कोण येईल विचारलं तेव्हा पद्मजा गेली. शहराच्या वकिलानं चार तास तिला तेच तेच विचारलं: तुम्ही फोन केला असता तर? "मुलगी आज बोलत असती," असं ती दर वेळी म्हणाली, कारण ते खरं होतं. वांडा टेबलाच्या पलीकडे बसली होती. तिनं एकदाही पद्मजाकडे पाहिलं नाही, आणि तिनं पाहावं असं पद्मजालाही वाटलं नाही.

त्या वर्षी मंडळानं दिवाळीला उल्हासचा सत्कार केला. श्रीरंग एकटा गेला. पद्मजा त्या शनिवारी लोरेटाच्या गाडीत होती, कारण सत्त्याहत्तरांपैकी एका मुलाची मावशी नदीपलीकडे राहते असं कुणीतरी सांगितलं होतं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. मुलगा आत होता, खिडकीच्या चौकटीला नखानं खरवडत.

"आत येऊ?" पद्मजानं विचारलं, आणि पिशवीतून सुई काढायला लागली.