खांबाजवळची बैठक

दिवसकार्यातली गंधमुक्तीची पंगत उठली होती. उष्ट्या पत्रावळींचा ढीग घेऊन निंबा परसाकडे निघाला, तेव्हा भागाबाईने त्याला न्हाणीच्या आडोशाला थांबवले. घर पाहुण्यांनी भरलेले होते. तिचा नवरा, लाईनमन अभिमन आबा, गेल्यापासून त्या गर्दीत तिला निंबाशी धड एक शब्द बोलता आला नव्हता.

"सकाय खांबजोडे बसनार ना तुम्हीन बठ्ठा?" तिने विचारले. "काय सांगशी तठे?"

निंबा पत्रावळी हातात धरून उभा राहिला. उद्या दुपारी आसपासच्या सगळ्या सेक्शनचे लाईनमन आबा ज्या खांबावर गेले त्या खांबाजवळ जमणार होते. आबा गेले त्या दिवशी त्यांच्याबरोबर कामावर निंबा होता, म्हणून बोलायचे त्यालाच होते.

"लाईन एकदम चालू व्हयनी, इतलंच सांग," भागाबाई म्हणाली. "ते काय खोटं शे?"

खोटे नव्हते.

"त्यासना खांद्यानं नाव काढू नको. बठ्ठा त्यासले उस्ताद म्हनतस. आते मरावर त्यासनी मान खाले कराले लावशी का तू?"

"नही अक्का," निंबा म्हणाला. कशाला नाही म्हणालो, ते त्याचे त्यालाही नीट कळले नाही. भागाबाईने मात्र ते वचन धरले आणि ती आत गेली.

निंबा मुळातच कमी बोलणारा. धुळ्याकडच्या सेक्शनचा रुपचंद त्याच्या तोंडावर म्हणायचा, "डीपी बी गुनगुन करस भो, हाऊ तेबी करस नही." सगळे हसत. निंबाही हसे. लाईनवर मदतनीस म्हणून लागला तेव्हा त्याला अभिमन आबांच्या हाताखाली दिले होते आणि ते बरेच झाले, कारण आबांनाही बोलून शिकवण्याची सवय नव्हती. ते काम करत, निंबा बघे. बंद तारेलासुद्धा आबा एकदम तळहात लावत नसत. आधी उलटा हात टेकवत. झटका बसलाच तर बोटे तारेला आवळली जात नाहीत, हात मागे फेकला जातो. हे त्यांनी कधी सांगितले नव्हते, पण काही महिन्यांनी निंबाचाही हात आपोआप उलटा होऊ लागला.

एका गोष्टीबद्दल मात्र आबा बोलत, आणि पुन्हा पुन्हा बोलत. ती म्हणजे साखळी. डीपीवरचे फ्यूज काढले तरी खांबावर चढण्याआधी लोखंडी साखळी खालूनच सगळ्या तारांवर फेकायची, तिचे दुसरे टोक जमिनीत पक्के करायचे. मग कुठून चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते. माणसापर्यंत येत नाही.

खांबाजवळ बसण्याची रीतही आबांचीच. ते नवीन असताना त्यांचा जोडीदार तारेवर गेला होता. चौकशी झाली, कागद वर गेला. पण थोड्याच दिवसांत शेजारच्या सेक्शनमध्ये एक जण अगदी तसाच गेला. आधीच्या माणसाचे काय चुकले, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा आबा सायकल घेऊन गावोगाव फिरले आणि लाईनमन लोकांना म्हणाले की कागद साहेबाकडे जातो, आपल्याकडे कोण येतं? आपणच बसू. तेव्हापासून कोणाला अपघात झाला, कोणी जखमी झाला किंवा गेला, की, आणि गेला असेल तर दिवसकार्य उरकल्यावर, सगळे अपघाताच्याच खांबाजवळ जमत. साहेब नाही, घरचे कोणी नाही, लिहिणे नाही. सोबत जो होता त्याने सांगायचे. मग वयाने मोठा असेल त्याच्यापासून सुरुवात करून एकेकाने एकच प्रश्न विचारायचा. दोष कोणी काढायचा नाही. तिथे ऐकलेले घरी न्यायचे नाही, कामावर न्यायचे.

पहिला प्रश्न कित्येक वर्षे आबांचाच असे. तो प्रत्येकाला पाठ झाला होता.

"साखयी कोठे व्हती?"

साखळी सहसा झोळीत असे, किंवा ऑफिसात, किंवा झाडाखाली. सांगणारा खाली बघून सांगे. आबा काही म्हणत नसत.

गेल्या पावसाळ्यानंतर आबांचा उजवा खांदा धरला. हात छातीपर्यंत येई, वर जात नसे. खांब चढता येई, जोडकाम करता येई. पण साखळी वर फेकणे जमेना. एका सकाळी फेकलेली साखळी तारांपर्यंत न जाता त्यांच्याच पायाशी पडली. निंबाने ती उचलली आणि फेकली. दुसऱ्या दिवसापासून निंबाच फेकू लागला. त्यावर दोघांत एक शब्दही झाला नाही. भागाबाई रोज संध्याकाळी खांद्याला मोहाचे तेल चोळी. हे तिघांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हते. साहेबाला कळले असते तर आबांना स्टोअरमध्ये बसवले असते. पण आबांना साहेबाची तेवढी भीती नसावी. खांबाजवळच्या माणसांना कळेल, याचीच असावी.

त्या दिवशी पारोळ्याच्या रस्त्यावरच्या एका मळ्यात लग्न होते आणि वस्तीकडे जाणारी एक तार तुटून लोंबत होती. निंबा डीपीवर फ्यूज काढायला गेला. डीपी लांब होती. परत येताना एका शेतकऱ्याने त्याला मोटारीच्या तक्रारीसाठी बांधावर थांबवून धरले. इकडे मांडवातली माणसे खांबाभोवती जमली होती. नवरदेव वेशीवर आला, आणखी किती वेळ, म्हणून आबांच्या मागे लागली होती. साखळी आबांच्या पायाशीच होती. एवढ्या लोकांदेखत जोडीदाराची वाट बघत उभे राहणे त्यांच्या जिवावर आले असेल. ते चढले. वर जाऊन त्यांनी तारेला उलटा हात लावला, तार बंद होती. मग दोन्ही हातांनी पकडली. तेवढ्यात मांडवात कोणीतरी भाड्याने आणलेले जनरेटर सुरू केले. त्याची वायर सरळ घरच्या मीटरला जोडलेली होती, त्यामुळे वीज उलटी फिरून तारेत आली.

निंबा धावत आला तेव्हा आबा कमरेच्या पट्ट्यावर लोंबकळत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसे आली. कोणी सायकलवर, कोणी एसटीने, रुपचंद राजदूत फटफटीवर मागे दोघांना घेऊन. तूर काढलेल्या रानात खांबाभोवती सगळे बसले. खोडांची टोके टोचत होती. बसताना सवयीने सगळ्यांनी एक जागा मोकळी सोडली, आणि मग ती का सोडली हे लक्षात येऊन कोणी तिकडे बघेना.

निंबाने सांगितले. लग्नाचे, डीपीचे, जनरेटरचे सांगितले. आवाज इतका बारीक होता की कडेच्या माणसांना पुढे सरकावे लागले. लाईन एकदम चालू झाली, एवढ्यावर येऊन तो थांबला.

आबांमागे आता धनसिंग मोठा. पहिला प्रश्न त्याचा. धनसिंगने बराच वेळ घसा साफ केला आणि जनरेटर कोणाचे होते ते विचारले. निंबाने सांगितले. पुढच्याने वायर कशी जोडली होती ते विचारले. रुपचंदने फ्यूज किती काढले होते ते विचारले. प्रश्न फिरत गेला. प्रत्येक जण काहीतरी विचारत होता आणि प्रत्येकाला ठाऊक होते की आपण ते विचारत नाही. आबांनी आयुष्यभर ज्याला-त्याला विचारलेले, आबांबद्दल कोणी विचारायचे?

सगळ्यांचे विचारून झाले. कोणीतरी धोतराची माती झटकली. एकाने एसटीची वेळ विचारली.

"साखयीनं कोनी इचारं नही," निंबा म्हणाला.

उठणारे पुन्हा बसले.

"साखयी खाले व्हती. आबासना पायजोडे." तो जमिनीकडे बघत होता. "त्यासना हात वर जाये नही. पावसाळापाशीन मीच फेकू. त्या दिन मी नव्हतू."

"बस कर रे," रुपचंद म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मरेल मानूसना दोष काढाले बसनूत का आपन?"

"दोष नही भो," निंबा म्हणाला. मग तो एवढेच म्हणाला, "आबा आज आठे राहतात तं, पयले हाईच इचारतात."

वरच्या तारेवर दोन होले येऊन बसले. खाली इतकी माणसे बघून उडून गेले.

धनसिंग खोडाचे एक टोक नखाने सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"मना बी हात वर जास नही," तो म्हणाला.

त्याच्या शेजारी त्याचा जोडीदार नथ्थू बसला होता. तो एकदम दुसरीकडे बघू लागला.

"नथ्थू फेकस मनी साखयी. आम्हीन बी कधी बोलनूत नही." धनसिंगचा चेहरा लहान झाला होता. "मी बी चढनू एकदाव, साखयीबिगर. नथ्थू पानी पेवाले जायेल व्हता. मांगला बजारले. वाचनू."

रुपचंदला दुसऱ्याच्या फजितीवर हसायची खोड होती. त्याने चंची काढली, तंबाखू मळली आणि धनसिंगच्या तळहातावर ठेवली.

ठराव वगैरे काही झाला नाही, तशी रीतच नव्हती. नथ्थू एवढेच म्हणाला की आजपासून जोडीदार नसेल तर चढायचे नाही. ते त्याने धनसिंगला सांगितले की सगळ्यांना, ते कळले नाही. मग माणसे उठली. त्यांच्याबरोबर ही गोष्ट धुळ्याकडे गेली, जळगावकडे, पार पहूरपर्यंत गेली असेल.

निंबा मात्र घरी न जाता आबांच्या घरी गेला. आपल्याकडून चांगले झाले की वाईट, हे त्याला ठरवता येत नव्हते. पाहुणे पांगले होते. भागाबाई ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत होती. तिने त्याला बस म्हटले नाही. तो पायरीवर टेकला.

"सांगं अक्का मी," तो म्हणाला. "खांद्यानं बी."

तिचा हात थांबला. ती रडेल, निदान बोलेल, असे त्याला वाटले होते. कालच्या शब्दाची आठवण ती देईल आणि आपण ऐकून घेऊ, अशा तयारीने तो आला होता. तिने फक्त सूप मांडीवर ओढून घेतले. तेव्हा निंबाने, तिथले घरी न्यायचे नाही ही रीत विसरून, आयुष्यात कधी बोलला नसेल इतके भडाभडा सांगून टाकले. कोण काय विचारत होते, काय विचारत नव्हते, धनसिंग काय म्हणाला, नथ्थू काय म्हणाला.

भागाबाईने पदराने तोंड पुसले.

"धनसिंगले कोनी हासनं का?" तिने विचारले.

"नही."

"रुपचंद?"

"नही अक्का. तमाखू दिधी त्यानी."

ती सुपाकडे बघत राहिली.

"मंग त्यासले बी कोनी हासनं नसतं," ती म्हणाली.

तिने पुन्हा निवडायला सुरुवात केली. दिवस कलला, रस्त्यावरून गुरे परतू लागली, तरी निंबा उठला नाही. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आले की ती खडे आणि दाणे एकाच बाजूला टाकते आहे.