डागांची वही

मॅडमनी यादीचा कागद तिच्यासमोर सरकवला आणि पेनाचं टोपण काढून ठेवलं. आज पाचच्या आत प्रकल्प ठरला नाही, तर तिचं वर्ष वाया जाणार होतं. आई गेल्यापासून दोन महिने ती कॉलेजकडे फिरकली नव्हती. मॅडमनी कुठे कुठे शब्द टाकून मुदत वाढवून घेतली होती. तिला मात्र वर्ष गेलं काय नि राहिलं काय, सारखंच होतं.

खगोलशास्त्रात नवख्याला झेपतील असे विषय मोजकेच. ताऱ्यांचं तेज मोजण्याचा प्रकल्प हुशारांनी केव्हाच पटकावला होता, लघुग्रह दोघा मित्रांनी वाटून घेतले होते. उरले होते सूर्यावरचे डाग. त्यांच्या वाटेला कुणी जात नसे, कारण त्यात अक्कल कमी आणि हजेरी जास्त लागे. शंभर दिवस रोज दुपारी बाराला गच्चीवर जायचं आणि डाग मोजायचे.

"हाच घे," मॅडम म्हणाल्या. "डोकं चालत नसलं तरी चालेल. फक्त ये."

तिने सही केली. डागांऐवजी कुणी ढग मोजायला सांगितले असते, तरी केली असती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या काकांनी गच्चीवर दुर्बीण लावून दिली. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, जन्माची अद्दल घडेल, हे त्यांनी तीनदा बजावलं. दुर्बिणीमागे धरलेल्या पांढऱ्या कागदावर बशीएवढा सूर्य उमटला होता. काठाजवळ एक काळा ठिपका होता. तिने तो मन लावून काढला, बाजूला १ हा आकडा लिहिला. काकांनी भिंग जरासं फिरवलं, तसा ठिपकाही फिरला.

"धूळ आहे भिंगावर," ते म्हणाले. पहिल्या दिवशी सगळ्यांची हीच फजिती होते, असंही म्हणाले.

तिने ठिपका आणि आकडा दोन्ही खोडले. सूर्य अगदी कोरा होता. तिने वही मिटली, तर काकांनी ती पुन्हा उघडली.

"शून्य लिही."

"पण काहीच नाहीये."

"म्हणूनच लिहायचं. जागा रिकामी सोडलीस, तर त्या दिवशी कुणी पाहिलंच नाही असं होतं."

तिने तारीख टाकली, वेळ टाकली आणि शून्य लिहिलं.

संध्याकाळी ती आणि बाबा जेवायला बसले. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, ऐकत कुणीच नव्हतं. बाबांनी रोजच्यासारखं ताटाकडे बघत विचारलं, आज कसं वाटतंय. रोज ती खांदे उडवायची आणि विषय तिथेच संपायचा. बाबाही कधी खोलात शिरत नसत. त्याचा तिला मनातून रागच यायचा.

"काहीच वाटत नाही, बाबा," ती म्हणाली. "दोन महिने झाले. रडूसुद्धा येत नाही."

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. उठून टीव्ही बंद केला.

"मला वाटत होतं, माझंच काहीतरी बिघडलंय," ते म्हणाले, आणि आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढून बसले.