हल्डाची हद्द

“ती साखळी ताणून धरा म्हणावं! झोळीसारखी लोंबतेय मेली. अशी मोजलीत तर माझं घर नदीत जाईल!” हल्डा दारातूनच ओरडली.

क्रँडलनं मान वर केली नाही. तो आणि त्याचा मोजणीदार सकाळपासून पश्चिमेच्या दगडाकडून साखळी टाकत येत होते. लूप नदीच्या काठी येऊन क्रँडलचा अजून एक हिवाळाही झाला नव्हता, पण धाकट्या भावाला जमीन हवी म्हणून कोणाची हद्द कुठे चुकलीय ते हुंगत फिरायचा. बिळं खणणाऱ्या बॅजरनं उकरलेल्या मातीखाली सरकारी हद्दीचा दगड दिसल्याचं आठवड्यापूर्वी त्यानंच गावभर केलं होतं. मधल्या वर्षांत तो मातीत गडप झाला होता, पण आजवर सगळे ज्याला खरा मानत आले आणि हल्डाच्या घरानंही ज्याच्यापासून मोजलं, तोच हा दगड. त्यामुळे तिथं भांडण नव्हतं. भांडण होतं दगडापासूनच्या अंतराचं.

सरकार जमीन फुकट देई, पण अट अशी की पाच वर्षं तिच्यावर राहायचं. राहायचं म्हणजे रात्री तिच्यावरच अंग टाकायचं. नाही टाकलं तर जो आधी तक्रार करील, जमीन त्याची. हल्डाच्या नवऱ्यानं, एफ्राइमनं, दोन तुकडे घेतले. पश्चिमेचा वयात आलेल्या लेकीच्या नावावर, पूर्वेचा स्वतःच्या. दोन घरं बांधायची ऐपत कोणाच्या बापाची होती? त्यानं गवताळ मातीच्या ढेपा रचून एकच लांबट घर बांधलं, तेही नेमकं हद्दीवर. मधोमध लोखंडी चूल. चुलीच्या पलीकडे लव्हिनाची खाट तिच्या जमिनीत, अलीकडे आईबापाची आपल्या जमिनीत. लोक थट्टा करत, “हल्डामावशी, लेकीनं मीठ मागितलं तर उसनं देता की काय?” हल्डा म्हणे, “देते, आणि परत घेताना चिमूटभर जास्त घेते.”

दोन वर्षांपूर्वी एफ्राइम तापानं गेला आणि त्याचा तुकडा तिच्या नावावर आला. यंदा मका खुडून झाला की साक्षीदार घेऊन कचेरीत जायचं, शपथा व्हायच्या, आणि दोन्ही जमिनी घरच्या व्हायच्या. इतकंच राहिलं होतं.

“आई, आत ये. तू बघितल्यानं साखळी आखूड होणार नाही,” लव्हिना म्हणाली.

“तू गप गं. तुझ्या बापानं गाडा हाकला आणि चाकाला बांधलेल्या चिंधीचे फेरे मी मोजले. मान मोडेपर्यंत मोजले. एक फेरा चुकला असेल तर बापाचं नाव लावणार नाही.”

पण तिचा हात पदर धरावा तसा अंगावरचं एप्रन चुरगळत होता. चुलीवर मक्याची भाकर करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही. तिला धास्ती लेकीची होती. हद्द घराच्या अलीकडे, दगडाच्या बाजूला निघाली, तर लव्हिनाची खाट पाच वर्षं आईच्या जमिनीत होती असं ठरेल, आणि पोरीचा तुकडा गेला. बरं, त्या पोरीनं तो स्वतः नांगरला होता.

साखळी घराजवळ आली. भिंतीच्या कडेनं सरकली. लव्हिनाची खिडकी गेली. हल्डानं श्वास सोडला. पोर वाचली. धुराड्याशी आता खुंटी ठोकतील, म्हणजे झालं. पण खुंटी ठोकली गेली नाही. धुराडं गेलं. भिंतीच्या आत जिथं तिची उशी होती ती जागा गेली. घराचा कोपरा गेला, कोंबड्यांचं खुराडं गेलं, आणि मक्याच्या कापलेल्या ताटांत मोजणीदारानं खुंटी ठोकली.

“हद्द ही इथं. घर सगळं पोरीच्या जमिनीत आहे, बाई.”

“पुन्हा मोजा.”

“दोनदा मोजलंय.”

क्रँडल हसला. “म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लेकीकडे पाहुण्या होतात. कायदा काही मी केलेला नाही. सोमवारी मी कचेरीत जातोय.”

“जा की. जाताना तोंड धुऊन जा, नाहीतर कचेरीत घेणार नाहीत.”

तो गेल्यावर मात्र ती खुंटीपाशी जाऊन खाली बसली. शेजारचा ओबेद सेल्स तिचा साक्षीदार व्हायचा होता. चर्चमधला देवभोळा माणूस. गाईशीसुद्धा खोटं बोलत नसे. तो टोपी हातात फिरवत उभा होता.

“मावशी, ज्या उन्हाळ्यात तुम्ही मोजणी केलीत, त्याच उन्हाळ्यात चाकाची लोखंडी धाव सैल झाली होती ना? लोहारानं ती कापून पुन्हा बसवली. चाक मीच नेलं होतं.”

“मग?”

“मग चाक लहान झालं. प्रत्येक फेऱ्याला बोटभर कमी. एफ्राइमकाकांनी फेऱ्यांचा हिशेब जुन्या चाकाचाच धरला असणार. तुमची मोजदाद चुकली नाही, मावशी. चाक चुकलं.”

हल्डा तडक निघाली. खुंटीपलीकडे पूर्वेला एकुलत्या झाडाखाली एफ्राइमची कबर होती, तिथं जाऊन उभी राहिली. “चाकाची धाव कापून घेतलीस, ते आठवायला काय झालं होतं? आता ऐक. आपल्या दोघांत तूच काय तो कायद्यानं आपल्या जागेत झोपलायस.” असं म्हणून तिनं नाक पुसलं आणि परत आली.

ओबेद तिथंच होता. खाली बघत म्हणाला, “मी शपथेवर सांगेन. तुम्ही तुमच्याच जमिनीत झोपत होता म्हणून.”

त्याचा चेहरा घामानं डबडबला होता. हल्डाला त्याचा इतका कळवळा आला की तिनं त्याला फटकारलंच. “कशाला? माझ्यापायी तुझ्या बायबलला भोक नको पाडूस. खरं काय ते सांग. आज खुंटीपलीकडे राहायला गेले तर?”

“तक्रार पडायच्या आत जो राहायला आला, त्याला उठवणं सोपं नसतं. पण... वर्षं आजपासून मोजतील. पुन्हा पाच. आणि तुमचं वय—”

“तुला हद्द सांगायला ठेवलंय, वय नाही. खाटेचं ते टोक धर.”

लव्हिना दारात आडवी आली. “आई, वेड लागलंय का? थंडी तोंडावर आलीय. हे घर माझं निघालं म्हणजे तुझंच ना?”

“तुझं निघालं ते बरं झालं. लेकीच्या घरी मी जेवायला येईन. मुक्कामाला नाही. सरक.”

लव्हिना सरकली नाही. तिनं खाटेचं दुसरं टोक धरलं. तिघांनी खाट बाहेर काढली, खुराड्याला वळसा घातला, खुंटी ओलांडली. मग गाद्या, पेटी, कढई. ओबेद नांगर घेऊन आला आणि उजेड होता तोवर ढेपा कापत राहिला. तिन्हीसांजेपर्यंत एका भिंतीचा गुडघाभर थर उभा राहिला. उत्तरेकडून वारा सुटला होता.

क्रँडल घोड्यावरून पुन्हा आला. खरं काय ते बघायला आला असावा. घोडा बांधून तो ताटं तुडवत सरळ खाटेपर्यंत निघाला.

हल्डा खाटेवर ताठ बसली होती, डोक्याला टोपडं घट्ट बांधून.

“थांब तिथंच,” ती म्हणाली. “आधी पाय पूस. घरात येतोयस.”

क्रँडल हसायला गेला. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दार नव्हतं, छप्पर नव्हतं. म्हातारी त्याच्याकडे बघत होती आणि पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा बेतानं, तिनं वाऱ्यात हलणाऱ्या खाटेचा खूर मुठीत आवळून धरला होता.

क्रँडलनं टोपी काढली. मग एक बूट ताटांवर घासला, आणि जरा थांबून दुसराही.